बसमत, शून्य, ठीक

नांदेडचा सर्व्हर आपल्याला विचारायला येणार नाही.
मधे फायरवॉल आहे, त्याला इकडं दारच नाही.
एक खिडकी तेवढी ठेवलीय,
पाच हजार सहाशे सदुसष्ट नंबरची,
तीही फक्त आतून बाहेर उघडते.
म्हणून आपणच कळवायचं, दर पाच मिनिटांनी,
कुणी न पुसता,
की वसमतच्या रक्तसाठ्याचा फ्रीज
चार अंशांवर आहे.

शेवंताबाई कऱ्हाळे स्टुलावर बसून बघत होत्या.
अकरा वर्षं दर दोन तासांनी
त्याच काचेला डोळा लावून
त्यांनी आकडा रजिस्टरात उतरवलाय.
"हे मशीन काय नवीन सांगायलंय?"
मी म्हणालो, तुमचंच सांगतंय. चार रकाने आहेत:
कोण, काय, कसं, आणि शेवटी शेरा.
रकान्यांच्या मधे टॅब. स्पेस चालत नाही.
"म्हणजे रेघ मारायची," त्या म्हणाल्या.
हो. रेघच.

कसं-च्या रकान्यात शब्द नसतो, आकडा असतो.
शून्य म्हणजे ठीक.
एक म्हणजे लक्ष ठेवा.
दोन म्हणजे धावा.
तीन म्हणजे मलाच माहीत नाही,
आणि हे तीन लिहायची सोय
कुठल्याही सरकारी फॉर्मात मी अजून पाहिलेली नाही.

पासवर्ड दोन्हीकडं एकच.
कुलपाची जात दोन्हीकडं एकच: सोळा.
फाइल जतन केली, पहिलं शून्य सोडलं.
क्लायंट म्हणाला, एक पॅकेट पाठवलं, यशस्वी.
फोनवर इम्रोज म्हणाला, काहीच आलं नाही.
परत पाठवलं. यशस्वी.
नाही आलं.
दोघंही खरं बोलत होते
आणि मधल्या पन्नासेक किलोमीटरमधे
माझी ठीक असल्याची बातमी
कुठंतरी पडत होती, आवाज न करता.

चहा झाला. पासवर्ड पुन्हा टंकला.
फायरवॉलवाल्याला उगीच दोन शब्द बोललो.
दुपारी इम्रोजनं त्याच्याकडची यादी वाचून दाखवली:
हिमायतनगर, कळमनुरी, औंढा,
बसमत.
"काय म्हणालास?"
"बसमत. जुन्या यादीतून उचललंय. ब बदकातला."
मी इकडून व वजनातला पाठवत होतो.
त्याच्या लेखी व-वाला गावच नव्हता,
आणि जे गाव नाही
त्याची खुशाली तो कशाला ठेवून घेईल?

शेवंताबाईंना नवल वाटलं नाही.
"माझ्या बाच्या कागदावर बसमतच आहे.
माझ्या टीसीवर वसमत.
पगार दोन्हीवर होतो."
मी एक अक्षर बदललं.
तिकडं पहिल्यांदा हिरवं झालं:
बसमत, शून्य, ठीक, चार अंश.
इम्रोज फोनवर हसला. मी हसलो नाही, खुर्चीत मागं टेकलो.

आता उलटं तपासायचं राहिलं होतं.
गप्प बसलं तर? त्याची सोय झाली:
पंधरा मिनिटं बातमी नाही आली
तर न आलेली बातमी हीच बातमी धरायची.
मग मी मुद्दाम दोन लिहिलं.
फ्रीज, दोन, अकरा अंश.
नांदेडला भोंगा वाजला, तीन मोबाइल थरथरले,
कुणीतरी जेवणावरून उठलं असेल.

"फ्रीज तर चांगला हाय,"
काचेतून बघत शेवंताबाई म्हणाल्या,
"खोटं कामून कळवायलास?"
मी म्हणालो, खरं पोचतं का ते बघायला.
त्या थोडा वेळ माझ्याकडं पाहत राहिल्या,
जशा सुई टोचताना हात ओढणाऱ्याकडं पाहतात.

शून्य परत पाठवलं. वायर टेपनं बांधली.
निघताना रजिस्टर टेबलावर उघडं होतं,
शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईनं, ओली अजून:
सव्वातीन. मशीनने खोटा इशारा दिला, तपासणीसाठी.
फ्रीज ४ अंश. स्वतः पाहिले.
खाली सही,
आणि सहीखाली, कुणी न पुसता,
बसमत.