काठ

ऑक्टोबरातला तिसरा गुरुवार. शिकागो.
सरोवराकडून आलेला वारा दगडी कमानींत शिरतो
आणि कुणाचं ऐकत नाही, डीनचंसुद्धा.
तळघरातल्या अठरा नंबरच्या खोलीत
माझे ऑफिस अवर्स : तीन ते पाच.
दोन तास अर्ध्या मार्काचा बाजार.

आधी अ‍ॅनेलीस. तिच्या पणजोबांचं नाव
समोरच्या इमारतीवर कोरलेलं आहे,
ती रोज त्याखालून मान खाली घालून जाते.
तिला पंच्याऐंशीचे साडेपंच्याऐंशी हवेत.
मग सू-ह्यन. वर्षाच्या फीला मार्कांनी भागून
एक मार्क केवढ्याला पडतो ते मला दाखवते.
भागाकार बरोबर आहे. मार्क देता येत नाही.
मग एकजण नुसता रडून गेला. नाव नाही सांगत.

मी संख्याशास्त्र शिकवते.
फळ्यावर घंटेसारखी रेघ काढून सांगते,
बहुतेक जग मधल्या फुगवट्यात राहतं.
इथे तर शंभरांतून पाच वेचून आणलेले,
सगळे आपापल्या शाळेतले पहिले,
त्यांतून पुन्हा मधले आणि खालचे पाडायचे
हेच माझं काम. त्याचा पगार मिळतो.

काठावर पास, म्हणायचे आमच्या पवनीत.
पस्तीस मिळाले की पेढे, चौतीसला चपराक.
घरी मात्र काठ म्हणजे करवतकाठ.
आत्या मागावर बसायची. तीन धोटे :
अंगाचा एक, दोन काठांचे दोन.
एकटीला झेपत नाही, म्हणून मला शेजारी घ्यायची.
"ध्यान दे वं पोरी. बाया पहिले काठच पाह्यतात,
अंगाले कोण पुसते?"

पाचला पाच कमी असताना क्विंटन मेझ आला.
बेकरीतल्या कामाची टोपी खिशात कोंबलेली.
याच शहराचा, एकसष्टाव्या रस्त्यापलीकडचा.
सतरा वर्षं या कमानी त्यानं बसमधून पाहिल्या,
आत आला तो प्रवेशाचं पत्र घेऊनच.
त्याला बासष्ट. आणि रेघही बासष्टावर.
मी म्हटलं, बोल.
मनात 'नाही'ची जुळवाजुळव झालेली.

त्यानं पेपर माझ्याकडे फिरवून सरकवला.
"पान चार. तुमची बेरीज चुकली आहे.
तीन मार्क जास्त पडलेत."

संख्याशास्त्राच्या बाईची बेरीज!
मी बोटांवर मोजलं. मराठीत.
सात आणि नऊ सोळा, सोळा नि चार वीस.
लिहिलेत तेवीस.
अरे, म्हटलं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं.
"माझ्या आलं होतं," म्हणाला. "सोमवारीच."
सोमवार ते गुरुवार.
मधल्या तीन रात्रींबद्दल तो बोलला नाही.
स्कॉलरशिपची अट काय आहे, मी विचारलं नाही.
मला माहीत आहे.

खोडताना हात थांबला का? थांबला.
पण तो माझ्याकडे बघत नव्हता, आकड्याकडे बघत होता,
दाराच्या उजेडात काठ ताणून आत्या बघायची, तसा.
मी एकोणसाठ लिहिलं. अक्षर वाईट आलं.

बाहेर अंधार लवकर पडतो आता.
विद्यापीठाचे निळे दिवे, बटण दाबलं की पोलीस येणारे,
एका रस्त्यापर्यंतच आहेत. शेवटच्या दिव्यापाशी
माझे पाय आपोआप थांबले,
इथे आल्या आल्या पहिल्या आठवड्यात शिकवतात ते.
तो रस्ता ओलांडून गेला. पलीकडे कुणीतरी
गॅलरीतून त्याला नावानं हाक मारली,
त्यानं टोपी काढून हलवली.

अकरा वर्षांची असताना माझ्या हातून
एका लुगड्याच्या काठाचे चार दात चुकले होते.
गिऱ्हाईक घडी घालून पैसे मोजत होतं.
आत्यानं घडी पुन्हा उलगडली,
नेमकं तिथेच बोट ठेवलं
आणि चाळीस रुपये कमी घेतले.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.