पाच बोटं मूठ

घडीचा चाकू मी श्रावणात गमावला.
हरवला नाही. बिजागरीत चिखल बसला
आणि कारवी तोडताना तो माझ्याच बोटावर मिटला.
तीन टाके. कोकरूडच्या दवाखान्यात
डॉक्टर म्हणाले, मॅडम, बंदूक तरी नीट धरता ना?
बंदूक नाही मला. काठी आहे, शिट्टी आहे,
आणि रजिस्टरात ‘हत्यार’ नावाचा एक रिकामा रकाना.

बयाजी झोरे म्हणाला, न मिटणारी घे.
जिला कंबरच न्हाई ती मोडंल कुठनं?
तो पूर्वी पारधीला जायचा, हे आरळ्यात सगळ्यांना माहीत.
पूर्वी म्हणजे कधीपर्यंत, हे कुणी विचारत नाही.

बाजाराच्या दिवशी, पुलाच्या अलीकडे घिसाड्यांचं पाल.
कौसाबाई घण घालत होती, नवरा सांडशी धरून उकिडवा,
आणि ट्रकच्या कमानीचा पाटा
लाल होऊन मुकाट लांबत होता.
गोणपाटावर मांडलेल्यांत एक चकचकीत, वीतभर लांब,
पाठीला करवतीचे दात. मी तीच उचलली.
कौसाबाईनं घण टेकवला.
मागच्या गार्डानंबी हीच नेली, म्हणाली.
फोटो काढला अन् परत आणून दिली.

बयाजी डाव्या हातानं एकेक उलटीसुलटी करत होता.
पातं चार बोटं. लांब पातं आपल्याच मांडीत शिरतं.
टोक बारीक नको, हाडाला लागलं की गेलं.
पाठ जाड बघ, वरनं दगडानं ठोकता आली पायजे.
लोखंड मुठीतनं आरपार बुडाशी आलंय का?
नुसतं लाखेत रोवलेलं नको,
ऐन टायमाला म्हाताऱ्याच्या दातागत हातात येतं.
अन् मूठ पाच बोटं,
का, तर रगतात हात सरकतो.

मला रक्तात हात घालायचा नाही, मी म्हणाले.
ते सुरीला सांग.

मग डोळे मिटायला लावले भर बाजारात.
एक ठेवली तळव्यावर, काढून घेतली. दुसरी. काढून घेतली.
तिसरीवर बोटं आपोआप मिटली.
शिसवाची मूठ, दोन पितळी रिबिटा,
पात्यावर घणाचे वळ तसेच.
कौसाबाईनं तिनंच एक कांदा चिरला,
नवऱ्याच्या भाकरीवर ठेवला,
पातं लुगड्याला पुसलं. साडेतीनशे.

त्यानंतर कापलं ते असं:
सुतळी, दुधी, जळवा लागलेल्या मोज्याची नाडी,
चौकीच्या दारात आडवी आलेली घाणेरी,
बदलीच्या अर्जाचा लिफाफा.

माघात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, भेकर.
मागचा पाय क्लचच्या तारेत,
तार अंजनीच्या मुळाला.
माझं जाकीट त्याच्या तोंडावर टाकलं तेव्हा
त्याचं काळीज मला गुडघ्यात ऐकू येत होतं.
तार सुरीनं कापत नाही.
मूळ कापतं.
पातं मुळावर धरलं, वरून गोटा घातला,
एक, दोन, सात, मोजायचं सोडलं.
मूठ ओली झाली होती, घामानं म्हणावं
तर लाल होती.
हात सरकला नाही.

सैल पडलेला फास पायातून काढेपर्यंत ते निपचित,
आणि जाकीट उचलताच
नुसती झाडी हलत राहिली.

रजिस्टरात लिहिलं: फासकी, नग एक, जप्त.
सुरी धुतली, पुसली, करडीचं तेल लावलं,
म्यानात नाही ठेवली. चामडं ओल धरतं,
हेही त्यानंच सांगितलेलं.

संध्याकाळी बयाजी पायरीवर येऊन बसला.
विडी दोनदा पेटवली. मग म्हणाला,
तारेचा पीळ कुठल्या हाताचा हुता?

उजव्या, मी म्हणाले,
जरा जास्तच लवकर.

त्यानं विडी खाली घासली,
डावा हात पुढं केला:
आण ती सुरी. धार गेली आसंल.