चिठ्ठी उतरवताना

पेटी हापूसच्या खोक्याच्या फळ्यांची,
बाजूला अजून अर्धा शिक्का, 'देवग'.
सुताराने फट ठेवली ती एवढीच
की घडीचा कागद आत जावा, बोट जाऊ नये.
चावी माझ्याकडे, औषधवाल्याकडे.
शनिवारी ओपीडी उठली की
दार लोटून घेतो.

नियम मीच मागून घेतला:
चिठ्ठी आपल्या हाताने वहीत उतरवायची,
मूळ कागद जाळायचा.
अकरा माणसं कामाला,
अकराही जणांचं अक्षर मी ओळखतो.
जुवाटकर सिस्टरचा ळ तर
गळाला लागलेल्या माशासारखा, शेपटी वर.

बहुतेकदा आत काही नसतं.
एकदा झुरळ.
एकदा, 'दोन नंबर खाटेचा कठडा सुटतो,
आजी पडता पडता राहिली.'
स्क्रू आणून मीच बसवले.

आज ही:
'रात्री पावणेतीन. लाइट गेलेली.
सलाइन समजून पोटॅशियम भरलं.
थोडंसंच गेलं. तो म्हणाला, हात पेटला. थांबले.
सावरला तो.
दोन्ही कुप्यांवरची अक्षरं निळी.
दोन्ही एकाच खणात असतात.'

खाली नाव नाही.
'निळी'तला ळ, शेपटी वर.

न्हानू तारी परवा घरी गेला.
जाताना तिच्या टेबलावर सुक्या बांगड्यांची पुडी ठेवली,
"तुझ्या हाताक गुण आसा गो बाय."
पुडी तिने उघडली नाही.
रात्री वॉर्डातल्या मांजराचं फावलं.

हाच न्हानू जाळं फाटून आला की
आधी बंदरभर शिव्या देतो, मग सांगतो,
"बत्ती पाठीक धरून गेलास काय
सात वाव पाण्यात खडप आसा."
जाळं कोणाचं, कोणी विचारत नाही.
दुसऱ्या दिवशी होड्या जरा बाजूने जातात.

त्याला मात्र कोणी सांगितलेलं नाही
की त्या रात्री त्याच्याच नसेत खडप होतं.
वहीत त्याला रकाना नाही.

मी उतरवायला घेतो.
'थांबले'चं 'थांबवलं' करतो,
एवढ्यानं बाई पुसली जाते.
'एकाच खणात असतात'पाशी पेन अडतं.
असतात म्हणजे?
कुप्या काय पायांनी चालत आल्या?
नवा माल आला तेव्हा जागा वाचते म्हणून
मी लावला तो खण,
आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलाही होता,
किती नीटस दिसतो.

'मी ठेवल्या,' असं लिहितो. खाली सही.
वहीत नाव नसावं हाही नियम माझाच.

कागद जाळला. राख बेसिनमध्ये.

संध्याकाळच्या ड्यूटीला ती आली, खण ओढला,
"पोटॅशियम कुठे गेलं?"
"वरच्या कप्प्यात. लाल पट्टीचा डबा. कुलपात."
ती डब्याकडे बघत राहिली,
मग माझ्या बोटावरच्या काजळीकडे.
"बरं," म्हणाली.

उद्या रविवार. बंदरावर जाणार आहे.
न्हानू भेटेल.
त्याच्याशी काय बोलायचं
ते आम्हा दोघांचंही अजून ठरलेलं नाही.