अवघड जागा

तोकुजी यासुदा, वय एकोणऐंशी, नाशपातीची बाग.
पडद्याआड बसून आधी हवामानावर बोलला,
मग समुद्राकडून येणाऱ्या मार्चच्या वाऱ्यावर,
मग विचारलं, दुसरे डॉक्टर, म्हणजे पुरुष, आज नाहीत का.
नव्हते.

सहा वर्षं खाजत होतं.
गावातलं औषधाचं दुकान जावयाचं,
म्हणून दर महिन्याला बसने पुढच्या गावी जाऊन
नायट्याचं मलम आणायचा,
घरी सांगायचा, कात्र्यांना धार लावायला गेलो होतो.
"इतक्या धारदार कात्र्या," म्हणाला,
"अख्ख्या तोत्तोरीत कुणाकडे नसतील."

जांघेपासून अंडकोशापर्यंत लाल, ओलसर चट्टा.
नायटा नव्हे, एवढं कळलं.
आणि एक नाव सुचलं की डोळा तिथेच बसतो;
कोपऱ्यातला तपकिरी, खरबरीत पेरभर भाग
मी त्याच नावात ढकलून दिला होता.
त्यानेच बोट ठेवलं:
"इथे खाज नाही. इथे नुसतं खुपतं."

दोन तुकडे. दोन बाटल्या.

पहिल्या काचेवर फिकट, फुगीर पेशी,
थरात एकेकट्या शिरलेल्या. पेजेट.
दुसरीवर थरांची शिस्तच मोडलेली,
केंद्रकं काळी, गच्च, एकमेकांवर चढलेली. बोवेन.
एकाच रोगाची दोन रूपं असतील, मी म्हणाले.
कुराशिगेबाई काही बोलल्या नाहीत.
आठवडाभर रंग चढवत राहिल्या:
एका रंगाने पहिल्या पेशी तपकिरी, दुसऱ्या कोऱ्या,
दुसऱ्याने बरोबर उलट.
मध्ये केसभर निरोगी कातडी.
कुणीच कुणातून आलं नव्हतं.

त्याला सांगताना मी शब्द शोधत होते.
दोन कर्करोग, वेगवेगळे, शेजारी शेजारी,
फार क्वचित असं—

"एकाच पानावर तांबेराही येतो, काळा ठिपकाही,"
तो म्हणाला.
"नवशिका एकच पाहतो, एकच फवारतो,
आणि जूनमध्ये फळांना पिशव्या बांधून
निवांत बसतो."
मग बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.
"मी नवशिका नव्हतो हो."

शस्त्रक्रियेची तारीख लिहिली, किती कापावं लागेल ते चित्र काढून दाखवलं.
चित्राकडे त्याने मान वळवून पाहिलं.
नंतरच्या गोळ्यांची चिठ्ठी मात्र दोनदा वाचली,
घडी घातली, उलगडली.

"ही गावातल्या दुकानात
मिळेल ना?"