पाठकोरं बिल

नमस्कार बाई. मी ओलिंदो बेर्तुझ्झी.
किल्ल्या बनवतो, सान लुइस रस्त्यावर,
चपलांच्या दुकानाला लागून.
तुमचा नंबर एल्विओनं दिला, सोफ्यांना कापड चढवतो तो.
म्हणाला, लिहू नकोस, बोलून पाठव,
तुझं अक्षर पाहिलं तर बाई आतून खिटी घालतील.

प्रश्न एका पाठकोऱ्या बिलावर उतरवलेत.
तेच वाचतो. मध्ये कानस ऐकू आली
तर तो नाहुएल आहे, माझा पोरगा नव्हे, हाताखालचा.

एका वेळचे किती?
म्हणजे आजचे किती ते एल्विओनं सांगितलं,
पण आपल्या रोसारिओत मार्चचा भाव एप्रिलात शिळा.
वाढवता कधी? दर महिन्याला,
की माणसाला जरा बरं वाटू लागलं की?
हे बिलावर नव्हतं. आत्ता सुचलं. माफ करा.

रोख की खात्यावर? आधी की नंतर?
मी नंतर घेतो, दार उघडल्यावर.
नाही उघडलं तर घेत नाही.
तुमच्याकडे तसं काही असतं का?

पावती द्याल, पण तिच्यावर लिहाल काय?
आमच्याकडे ओफेलिया सगळी बिलं वाचते,
पाण्याचंसुद्धा, चष्मा लावून, मोठ्यानं.

पंचेचाळीस मिनिटं म्हणे.
ती जिन्यापासून धरायची की खुर्चीपासून?
गप्प बसलो तर तीही मोजायची?
मी गप्प बसतो हं.
हाताला काम असलं की बरा बोलतो.
एखादं जुनं कुलूप मांडीवर घेऊन बसलो तर चालेल?
गालिचा घाण व्हायचा नाही, फडकं आणीन.
आणि कृपा करून, मनाचं कुलूप वगैरे म्हणू नका.
दुकानात येणारा प्रत्येक शहाणा ते म्हणतो
आणि वर किल्लीत सूट मागतो.

आडवं व्हावं लागतं का?
शनिवारी बसता का?
एखाद्या दिवशी आलोच नाही तर त्याचे पैसे?
द्यायला हरकत नाही. फक्त आधी कळलेलं बरं.

मी सांगेन ते तुम्ही कोणाला सांगता का?
त्यातलं बरंचसं पोलिसांना ठाऊक आहेच.
त्यांनीच बोलावलं होतं, फेब्रुवारीत, चौथा मजला.
शेजारीण म्हणत होती, अकरा दिवस रेडिओ चालूच आहे.
साधं कुलूप होतं, दोन फेऱ्यांचं.
चाळीस सेकंद लागली.
मी मोजत नसतो. एका शिपायानं घड्याळ पाहिलं
आणि म्हणाला, वा उस्ताद!
मी हसलो.
दार आत गेलं तेव्हा मी हसतच होतो.

त्यानं साखळी लावली नव्हती.
एकटी राहणारी म्हातारी माणसं साखळी लावतातच, बाई,
तीस वर्षं बघतोय.
त्यानं नव्हती लावली. येणाऱ्याला सोपं जावं म्हणून,
असं आपलं मला वाटतं.
आता हा प्रश्न आहे की नाही, कोण जाणे.
बिलावर तर नाही.

तेव्हापासून संध्याकाळी घरी जातो
आणि किल्ली काढून दाराशी उभा राहतो.
आत रेडिओ लागलेला असतो, ओफेलियाचा.
किल्ली हातातच राहते. बेल वाजवतो.
ती म्हणते, किल्लीवाला आणि किल्ली विसरला!
हसते. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत हसायची.

हं, शेवटचा.
तुमच्या इमारतीत खालून कोणी सोडतं,
की ज्यानं त्यानं ढकलून वर यायचं?
गुरुवारी चारनंतर मला जमेल.
बेल दोनदा वाजवीन म्हणजे तुम्हाला कळेल.
दार तेवढं तुम्ही उघडा.

आणि फी कळवा.
रोख असेल तर सुटे घेऊन येतो.