पुरवणी वर्ष

खिडकी क्रमांक तीन. जानेवारीचा दुसरा आठवडा.
म्थाथाच्या उन्हात रांग भिंतीची सावली धरून सरकते,
सावली आखडली की रांगही अंग चोरते.
माझ्यापुढे शिक्का, स्टेपलर,
आणि काचेला आतून चिकटवलेला कागद:
बी.एस्सी.साठी किमान गुण तीस.

लिंगेलेतू म्दिंगी, वय अठरा.
फटीतून आधी त्याची बोटं येतात, मग निकालपत्र,
एकही घडी नाही; गादीखाली ठेवलं असणार.
मी पेन्सिलीने बेरीज करते.
खोसा सहा, इंग्रजी पाच, भूगोल पाच,
जीवशास्त्र चार, गणित चार, भौतिक तीन.
सत्तावीस.

"आणि हे?" तो शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो.
लाइफ ओरिएंटेशन. सातपैकी सात.
ते धरत नाहीत, मी म्हणते.
जगायचं कसं, या विषयाचे गुण
आमच्या बेरजेत येत नाहीत.
तो हसत नाही. मीही बारा वर्षांपूर्वी हसले नव्हते.

बाकीचे कागद चोख आहेत.
आईच्या पगाराची चिठ्ठी, ईस्ट लंडनच्या कोंबडी-कारखान्यातली.
अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्या रकान्यात
कारखान्याच्या फाटकावरच्या रखवालदाराचा नंबर:
आत फोन नेऊ देत नाहीत.
वडिलांच्या जागी पोलीस चौकीतलं प्रतिज्ञापत्र:
कुठे आहेत, ठाऊक नाही.
ठाऊक नसण्यालाही इथे शिक्का लागतो.
हवालदाराने वडिलांचं नाव दोनदा चुकवलंय,
दोन्ही खाडाखोडींशेजारी मुलाची सही,
दुसरी पहिलीपेक्षा जोर देऊन केलेली.

मग मी खालच्या खणातून दुसरा फॉर्म काढते. फिकट हिरवा.
तीनची पदवी चार वर्षांत. इथे सव्वीस चालतात.
"म्हणजे ढ मुलांचा वर्ग," तो म्हणतो,
प्रश्नचिन्ह न लावता.

काय सांगू त्याला?
परीक्षेत हात वर करून पुरवणी मागणारा मुलगा
कधी कुणाला ढ वाटला आहे का?
सगळा वर्ग मान वळवून बघतो,
याला एवढं काय लिहायचंय म्हणून.
पण हे मला रात्री सुचणार, भांडी घासताना.
खिडकीत मी फक्त माहिती देते:
गणिताची शिकवणी मंगळवारी आणि गुरुवारी,
लॅपटॉप उसना मिळतो, चार्जर हरवला तर भरून द्यावा लागतो,
निबंध तपासून देणारी बाई दुसऱ्या मजल्यावर,
तिच्यापुढे रडलं तरी चालतं, बरेच जण रडतात,
आणि ग्रंथालयामागच्या खोलीत एक फळी आहे,
तांदूळ, बीन्स, डबाबंद पिलचर्ड.
सही न करता न्यायचं. कुणी बघत नाही.

(बघतात. मी रोज साडेसातला जायची,
झाडूवाल्याच्याही आधी.
अजून पिलचर्डचा डबा मी घरात येऊ देत नाही.)

तो फॉर्म उलटा करतो, सुलटा करतो.
मागे कुणीतरी खोकतं, कुणाचं तरी बाळ किरकिरतं.
"पदवीच्या कागदावर लिहितात का?
चार वर्षं लागली, असं?"

नाही लिहीत, मी म्हणते.
"नक्की?"
नक्की.
इतक्या झटकन म्हणते की तो मान वर करून
पहिल्यांदाच माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचतो,
मग माझ्या तोंडाकडे बघतो,
आणि काही विचारत नाही.

पेन त्याच्याकडे नाही. माझं देते.
टोपण दातात धरून, काचेला टेकून,
तो अक्षर अक्षर जपून लिहायला लागतो.
त्याच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ होतो
आमचा प्रयत्न.
रकाना आखूड आहे. शेवटचं अक्षर
चौकटीबाहेर जातं.

जाऊ दे, मी म्हणते,
आणि स्टेपलर उचलते.