पाणी तुटू नये

बाहेर सेहेचाळीस, फ्रीजरमध्ये उणे अठरा,
मधल्या तीस पावलांवर माझी नोकरी.
कार्बनचं काळं कापड, रेझिन पिऊन अर्धवट झोपलेलं;
गुंडाळी काढली की वहीत वेळ टाकायची.
मे महिन्यात ते लवकर जागं होतं
आणि एकदा जागं झालं की कुणाचं ऐकत नाही.

हिंगणा एमआयडीसी, पत्र्याची शेड.
केसांना तेल नको. हाताला क्रीम नको.
डब्यात तर्री असेल तर गेटजवळ जेवा.

आम्ही ड्रोनचे पंख बनवतो.
दोन अर्धे भाजतो, मग चिकटवतो.
चिकटणं हे गोंदाचं काम, असं मलाही वाटायचं.

गेल्या मार्चात जोड सुटायला लागले.
तुटले असते तर मान तरी राहिला असता;
सोलून निघायचे, पिकल्या संत्र्यासारखे
(नागपुरात दुसरी उपमा सापडत नाही).
सहा आठवडे. ईखार साहेबांनी गोंद बदलला, भट्टी बदलली,
पुण्याहून तज्ज्ञ आणला, तो कूलरसमोर बसून राहिला.

मी नुसतं पाणी ओतत होते.
परीक्षा जुनी आहे: फळी तिरपी धरा, पाणी सोडा.
स्वच्छ अंगावरून ते चादरीसारखं उतरतं, अखंड.
खराब अंगावर तुटतं, गोळे होतात,
अळवावरचं पाणी, कुठे टेकायला तयार नाही.
मी समोर वार लिहीत गेले.
मंगळवारी तुटायचं. शुक्रवारी तुटायचं.
मंगळवारी नि शुक्रवारी शेजारच्या शेडमध्ये
खुर्च्यांचे साचे उघडतात सिलिकॉनचा स्प्रे मारून,
आणि आमचा कूलर त्याच भिंतीकडून हवा ओढतो.

मग यंत्र झालं.
जांभळी ज्योत, नखाएवढी, आठ मिलिमीटरवरून सरकणारी.
जाळत नाही. नुसती वरची साय काढते,
आणि खाली जे सापडतं त्याला धरायची इच्छा असते.
मागोमाग पाण्याची वाफ, वाफेवर कॅमेरा:
पाणी तुटलं दिसलं की ज्योत आपोआप मागे फिरते.
हे मागे फिरणं माझ्या डोक्यातलं.

पेटंटच्या अर्जात याला दावा म्हणतात.
दावा क्रमांक एक. दावा क्रमांक दोन.
बाबांना दावा म्हणजे कोर्ट;
गोळीबार चौकातल्या मागाच्या खोलीसाठी
एकोणीस वर्षं तारखा मोजल्या त्यांनी.
"कोनावर टाकला वं दावा?"
मी म्हटलं, हवेवर.

शोधकर्त्यांच्या रकान्यात साहेबांनी दुसरी ओळ मला दिली.
वैजयंती दशरथ निनावे.
टाइप करणारा थांबला: निनावी, म्हणजे नाव द्यायचं नाही का?
द्यायचं आहे, मी म्हटलं. हेच.

बाबा शेड बघायला आले त्या दिवशी
दारातच चपला काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं.
पंखावर वाकले. चष्मा वर केला, खाली केला.
"दोन वर, दोन खाली. हे तं आपलीच वीण हाये बाप्पा.
पर खळ कायची लावता?"
मी सांगितलं, या धाग्यालाही खळ लागते,
कारखान्यातूनच लागून येते,
नाहीतर रेझिन त्याला ओळखत नाही.
त्यांनी मान हलवली, जणू
पहाटे गल्लीभर ताणा पसरून
भाताची पेज कुंच्याने ओढताना
हेच तर म्हणत होते चाळीस वर्षं.

आणि मी हं म्हणायच्या आत
पोत बघायला अंगठा टेकवला. उघडा.

ते गेल्यावर मी पाणी सोडलं.
पंखभर चादर, सलग,
फक्त एका जागी पाणी थबकलं, वळसा घालून गेलं,
मध्ये अंगठा: रेघा, वळणं,
धोट्याने पडलेला आडवा व्रणसुद्धा.

फळी बाद. नंबर दोनशे चौदा.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: उघड्या बोटाचा स्पर्श.
ज्योत मागे फिरली असती, अर्ध्या मिनिटात पुसलं असतं सगळं.
मी यंत्र सुरूच केलं नव्हतं.